हरिश्चंद्राचा दाखला

"‘अ‍ॅक्ट ऑफ गॉड’ लिखिए, कांबळे," वर्क्स मॅनेजर मिश्राजी म्हणाले आणि माझा अपघाताचा रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे परत सरकवला.

अ‍ॅक्ट ऑफ गॉड म्हणजे दैवी आपत्ती. वीज पडली, पूर आला, की तसं लिहितात. कुणा माणसाचा दोष नाही, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे वीज पडली नव्हती. क्रेनचा वायर रोप तुटला होता.

१९७८ साल. लखनऊबाहेरच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर होतो. वायर रोप म्हणजे पोलादी तारांचा पिळलेला दोर. त्यातल्या तारा तुटून हाताला टोचायला लागल्या की तो बाद करायचा. मी बाद केलाही होता. "मार्च का टार्गेट हो जाने दीजिए," म्हणत मिश्राजींनी तोच चालू ठेवला.

दोर तुटला तेव्हा खाली शिवदयाल नावाचा कामगार आणि एक वेल्डर काम करत होते. शिवदयालने वेल्डरला ढकललं. वेल्डर वाचला. शिवदयालचा उजवा पाय गेला. कुणाच्या घरी आजारपण असलं की आपणहून त्याची शिफ्ट करणारा माणूस.

"भगवान अच्छे आदमी की ही परीक्षा लेते हैं," मिश्राजी म्हणाले. "राजा हरिश्चंद्र को देखिए."

माझं डोकं सणकलं. "त्या गोष्टीत साप पोराला चावतो, सर. पोराने काय केलं होतं? आणि शेवटी देव सगळं परत तरी देतो. शिवदयालचा पाय कोण परत देणार?"

"आप लोग तो मानते ही नहीं," ते म्हणाले. ‘आप लोग’ म्हणजे कोण, ते मला बरोबर समजलं.

तसाच हॉस्पिटलात गेलो. शिवदयालची बायको त्याचं डोकं चेपत होती. त्याने मला विचारलं, "साहब, पिछले जनम में मैंने कौन-सा पाप किया था?"

मागच्या जन्मीचं पाप! नागपूरकडे आमच्या गावात माझ्या आजोबांना विहिरीवर पाणी नाकारताना हेच ऐकवायचे. मी म्हणालो, "शिवदयाल, तुमचं काही पाप नाही. दोर खराब होता. मी बाद केला होता, तरी चालवला."

"मिश्राजी को मालूम था?"

"मालूम था. अब कहते हैं, रिपोर्ट में भगवान की करनी लिखो."

कधी आवाज न चढवणारा तो माणूस ओरडला, "तो भगवान को काहे बदनाम करते हैं?" शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठून बसला.

मी रिपोर्ट बदलला नाही. हजरतगंजच्या हेड ऑफिसात चौकशी झाली, मिश्राजींना ताकीद मिळाली, आणि वर्षभरात प्रमोशनही. माझी बदली झाली. शिवदयालला टूल रूममध्ये बसून करायचं काम दिलं. कारखान्यातले सगळे जुने दोर मात्र बदलले गेले.

पुढे नोकरीभर नव्या पोरांना मी एवढंच शिकवलं: अपघाताच्या कारणात देवाचं नाव घातलं, की पुढचा खराब दोर कुणी तपासत नाही.