लाल नळाचं गार पाणी

मस्कतच्या हमरिया भागातल्या त्या जुन्या इमारतीत सकाळी तान्हं मूल रडलं की खालचा किराणावाला समजायचा, वर फरिदामावशींकडे आंघोळ चाललीय.

फरिदामावशी मूळच्या श्रीवर्धनजवळच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन मस्कतला आल्या तेव्हा अगदीच कोवळ्या होत्या. नवरा हुसैनमियाँ शिंपी. त्यांचं शिलाईचं दुकान इमारतीमागच्या गल्लीतच होतं. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आलेल्या कोकणातल्या पोरींना बाळंतपणात आईचा आधार नसायचा. आईचा व्हिसा होत नसे, आणि झालाच तर बाळ जरा कुठे मान धरायला लागेपर्यंत तिची जायची वेळ येई. मग एवढासा जीव हातात धरून पोर रडायची आणि तो जीवही रडायचा. अशाच एका शेजारणीचं मूल फरिदामावशींनी एकदा पायांवर घेतलं, तेल चोळलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, आणि ते मूल दुपारपर्यंत गाढ झोपलं. तेव्हापासून हे काम त्यांच्याकडे आलं ते आलंच. रत्नागिरीची असो की कुडाळची, फातिहा वाचणारी असो की सत्यनारायण घालणारी, एकीने दुसरीला सांगायचं, "मावशींकडे ने." पूर्वी त्या घरोघर जात. पुढे गुडघे कुरकुरू लागले, जिने चढवेनात, तशी मुलंच त्यांच्या दारी येऊ लागली.

२०१६च्या फेब्रुवारीत प्रियांकाची तान्ही मुलगी आंघोळीला यायची. प्रियांकाचा नवरा देवेश तिकडे दूर दुक्मला, रिफायनरीच्या कामावर. महिन्यातून एकदा यायचा. त्यामुळे प्रियांका आंघोळीनंतरही तासभर मावशींकडेच रेंगाळायची, चहा घ्यायची, आणि मग बरं वाटून घरी जायची.

त्या दिवशी मावशी न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर तेलाने माखलेली पोर. वर भिंतीला हीटरची जुनी गोल टाकी. मावशींनी गरम पाण्याचा लाल नळ सोडला, तोच फट् आवाज झाला आणि घरभर अंधार.

"मावशी!" प्रियांका किंचाळली.

"घाबरू नको गो. दार उघड, उजेड येऊ दे." मावशींनी पोरीला छातीशी घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि उरलेली आंघोळ गॅसवर तापवलेल्या पाण्याने पुरी केली. पोरीला काही कळलंही नाही.

हुसैनमियाँनी तय्यबला बोलावलं. तय्यब चिपळूणकडचा, वीज आणि नळ दोन्हीचं काम करणारा. त्याने हीटरचं झाकण उघडलं, आत डोकावला.

"काकी, पाणी तापवायची कांडी जळलीय. बदलून देतो, लगेच सुरू होईल. टाकी चांगली आहे, कुठे गंजलेली नाही. पण वायरी जुन्या झाल्यात. पुन्हा असं होणार नाही, हे काही मी सांगू शकत नाही."

"मग बदल कांडी!" हुसैनमियाँ म्हणाले. शिंप्याचा जीव. उसवलं तर शिवायचं, फाटलं तर ठिगळ लावायचं, टाकायचं म्हणून नाही. "सदऱ्याचा बटण तुटला म्हणून कोण सदरा फेकतो काय?"

फोनवर मुलगा ऐकत होता. इम्रान सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर. तो म्हणाला, "अब्बा, सदऱ्याला करंट येत नाय!"

बापलेकांची चांगलीच जुंपली. बाप म्हणे, आजकालचा माल दोन थंड्या टिकत नाही, जुनं ते जुनं. मुलगा म्हणे, जुनं ते एक दिवस जीव घेईल. तय्यब हातात पकड घेऊन एकदा फोनकडे बघे, एकदा म्हाताऱ्याकडे.

शेवटी फरिदामावशी बोलल्या. "माझ्या पायावर लोकांची अमानत असते. मी कुणाला काय जबाब देणार? नवा आण, इम्रान."

बायकोने असं ठाम बोलावं हे क्वचितच व्हायचं, आणि ती असं बोलली की हुसैनमियाँ वाद घालत नसत.

पुढच्याच शुक्रवारी इम्रान सोहारहून स्वतः नवा हीटर घेऊन आला. पांढराशुभ्र, वहीएवढा चपटा, टाकी नसलेला. नळ सोडला की तिथल्या तिथे पाणी तापायचं. तय्यबने तो बसवला. मावशींनी पाण्याखाली कोपर धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बेस हाय," त्या म्हणाल्या. इम्रान लहान मुलासारखा हसला.

तय्यब जुनी टाकी भंगारात न्यायला उचलू लागला, तर हुसैनमियाँ आडवे आले. "ऱ्हाऊ दे. गॅलरीत ठेव."

"कशाला? मजार बांधायचाय काय तिचा?" मावशींनी विचारलं.

टाकी गॅलरीत जाऊन पडली. येताजाता तिला धडका बसायच्या, मावशी पुटपुटायच्या, आणि कपड्यांचे चिमटे मात्र तिच्यावरच ठेवायच्या.

मार्च सरला, एप्रिल सरला. मे उजाडला आणि मस्कतचं ऊन डोंगरांवरून परतून गल्लीबोळांत साचू लागलं. एका सकाळी पोरीला पायांवर घेऊन मावशींनी सवयीने लाल नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. गार पाण्याचा निळा नळ सोडला. तोही तसाच चटका देणारा.

मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारला. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापून निळ्या नळाला कढत पाणी येतं, म्हणून सगळं मस्कत हीटर बंद ठेवतं. मग हीटरच्या टाकीत, घरातल्या सावलीत, पाणी पडून पडून निवतं, आणि लाल नळाला गार पाणी मिळतं. इतकी वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. पण ती हाताची सवय होती. नवा हीटर घेताना ती डोक्यात आलीच नाही. आणि या नव्या पठ्ठ्याला तर पोटच नव्हतं, पाणी साठणार कुठे?

मग बादल्या आल्या. मावशी संध्याकाळी बादल्या भरून ठेवायच्या आणि सकाळपर्यंत पाणी निवायचं. स्वयंपाकघरात बादल्या, पलंगाजवळ बादल्या. पहाटे नमाजला उठलेल्या हुसैनमियाँचा पाय एका बादलीत गेला आणि ते लुंगीसकट भिजून जमिनीवर बसले. मावशी धावत आल्या. म्हाताऱ्याला लागलं बिगलं तर नाही? पण ते गॅलरीतल्या जुन्या टाकीकडे बघत होते.

"फरिदा," ते सावकाश म्हणाले, "तिला वीज कशाला पायजे?"

त्याच दिवशी तय्यब परत आला. ऐकून आधी पोटभर हसला. मग त्याने जुन्या टाकीची वायर कापून टाकली, आतून टाकी धुतली, आणि ती नव्या हीटरशेजारी पुन्हा भिंतीला टांगली. नळाची जोडणी अशी करून दिली की एक चावी फिरवली की हिवाळा, दुसरी फिरवली की उन्हाळा. दुसऱ्या सकाळी लाल नळाला पुन्हा गार पाणी आलं. हुसैनमियाँ दिवसभर दुकानात गुणगुणत होते. 'मी म्हटलं नव्हतं?' असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, याचं मावशींना फार कौतुक वाटलं.

पण त्यांच्या मनात एक सल राहिली. पोराने एवढ्या हौसेने आणलेली वस्तू, आणि आपण शेजारी जुनं टांगलं. त्याला काय वाटेल? फोनवर त्यांनी हे कधी सांगितलं नाही. हुसैनमियाँनाही दटावून ठेवलं.

जुलैत ईदला इम्रान आला तो घामाने निथळत, आणि थेट न्हाणीघरात शिरला. बाहेर मावशी श्वास रोखून उभ्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग तो डोकं पुसत बाहेर आला.

"अम्मी, हा काय केला तुम्ही?"

"तुला वाईट वाटला काय रे?"

"वाईट?" तो भिंतीला टेकून हसायला लागला. "सोहारला आमच्या खोलीत आम्ही दर उन्हाळ्यात हेच करतो. आणि अम्मीला हीटर आणताना मात्र माझ्या डोक्यात भुसा भरला होता!" मग तो बापाकडे वळला. "अब्बा, तुमचा सदरा जिंकला."

"दोन्ही सदरे चांगले हाईत," हुसैनमियाँ म्हणाले आणि लेकाला पोटाशी धरलं.

थोड्या वेळाने प्रियांका आली, सोबत देवेशही. सुट्टीवर आला होता. आपल्या पोरीची आंघोळ त्याने कधी पाहिलीच नव्हती. मावशींनी नेहमीसारखी तेलाची वाटी काढली, पाट मांडला, आणि मग प्रियांकाच्या हाताला धरून तिलाच पाटावर बसवलं.

"मी? मावशी, माझ्या हातून निसटली तर?"

"नाय निसटत. पाय सरळ कर. मी हाय ना इथे."

प्रियांकाने पाय पसरले. पोर पायांवर पालथी झाली, मान वर करून बापाकडे बघू लागली. देवेश टॉवेल घेऊन दारातच उभा, डोळे पाणावलेले. पहिला तांब्या पाठीवर पडला तशी पोर दचकली, आणि रडायच्या ऐवजी खिदळत पाय झाडायला लागली. प्रियांकाचा कुर्ता चिंब झाला, तरी तिचा हात थांबला नाही.

फरिदामावशींनी घटकाभर ते पाहिलं. आता आपली इथे गरज नाही हे त्यांना कळलं, आणि मोठ्या समाधानाने त्या शिरखुर्म्याच्या पातेल्याकडे वळल्या.