मास्तरांचा एकच जोड

माझे मामा पायांवरून माणूस ओळखायचे. दुकानात कुणी शिरलं की चेहऱ्याकडे नंतर बघत, आधी बूट काढायला सांगत. मोज्याला भोक दिसलं तर हसत, एकावर एक दोन मोजे दिसले तर चिडत. दोन मोज्यांनी पाय गरम होत नाही, आवळला जातो, हे मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण आलेल्या माणसाला तासभर उभं करून शिकवल्याशिवाय त्यांनी साधी नाडीसुद्धा विकली नाही.

आमचं दुकान स्कीचं. ज्यांना लिफ्टमध्ये बसून वर जायचं असतं आणि आखलेल्या उतारावरून घसरत खाली यायचं असतं, त्यांच्यासाठी समोर चकचकीत दुकानं आहेत. आमच्याकडे येतात ते वेगळे वेडे. ते स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवतात, म्हणजे चढताना स्की मागे घसरत नाही, आणि तीन-चार तास स्वतःच्या पायांनी डोंगर चढतात. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या आणि जिथे कुणाचीच वाट उमटलेली नाही अशा बर्फातून खाली यायचं. मीही त्या वेड्यांतलीच. वयाची छत्तिशी आली तरी दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी घरात सापडत नाही.

वर गेल्यावर कपडे बदलून आणायला दुकान नसतं, म्हणून मामांची शिस्त कडक. सुती बनियन घातलेला माणूस दिसला की त्यांच्या कपाळाला आठी, कारण सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. अंगालगत पातळ लोकर, त्यावर हवा खेळेल असा थर, वारा अडवणारं जाकीट पिशवीत. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दारातच ऊब आली तर अर्ध्या वाटेत भिजाल, असं ते बजावत. पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून बघायची घडीची लांब सळई, छातीशी एक छोटं यंत्र. बर्फाखाली कुणी गाडलं गेलं तर त्याचा ठावठिकाणा हे यंत्र सांगतं. ते वापरायला शिकवण्यासाठी मामा दुसरं यंत्र दुकानात लपवून ठेवत आणि गिऱ्हाइकाला शोधायला लावत. एकदा त्यांनी ते मामीच्या भाजीच्या पिशवीत लपवलं आणि मामी पिशवी उचलून घरी निघाली. गिऱ्हाईक बिचारं हातातल्या यंत्राकडे बघत अर्धा रस्ता तिच्या मागे. मामी आधी घाबरली, मग त्या माणसाला नाही नाही ते बोलली.

आणि हातमोजे दोन जोड, हा त्यांचा सगळ्यात जुना नियम. चढताना पातळ, कारण तेव्हा हात घामेजतात. जाड जोड कोरडा, पिशवीत, वर पोचल्यावर घालायचा.

सगळं बरोबर होतं. त्यांनी सांगितलेलं मी वर जाऊन पडताळून पाहिलंय, एक शब्द खोटा निघाला नाही. फक्त मामा स्वतः कधी वर गेलेले नव्हते. एकदाही नाही. दुकान मामीच्या वडिलांचं. लग्नानंतर मामा तिथे लागले, तेव्हा हंगामभर सासरे डोंगरावर जात आणि जावई गल्ला सांभाळी. सासरे थकले तोवर मामांची चाळिशी उलटली होती आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. दरम्यान कधीतरी एक गिऱ्हाईक त्यांना म्हणालं, तुम्ही तर इथले सगळे डोंगर पालथे घातले असतील. दुकानापुढचा बर्फ उपसून उपसून मामांचा चेहरा रापलेला, डोळ्यांभोवती सुरकुत्या, कुणालाही तसंच वाटलं असतं. मामा नुसते हसले. त्या हसण्यावर त्यांनी पुढची पंचवीस वर्षं काढली. पुस्तकं वाचली, नकाशे पाठ केले, परत आलेल्यांना खोदून खोदून विचारलं. स्वतःबद्दल कुणी विचारलंच तर म्हणायचे, माझं सोडा, तुमचा हात दाखवा. घरी मामी "लोका सांगे ब्रह्मज्ञान" एवढंच म्हणून थांबायची. पुढचं आम्ही मनात म्हणायचो.

दुकानात एक दंडक होता, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा: गिऱ्हाइकासमोर मोठ्या माणसाला तोडायचं नाही. काही चुकलं तर दुकान बंद झाल्यावर बोला. मी पंधरा वर्षं हा दंडक पाळला आणि मला त्याचा अभिमानही होता. इतर दुकानांत नोकर-मालक एकमेकांचे शब्द खोडत असतात, आमच्याकडे तसं नाही, असं मी लोकांना सांगत असे.

गेल्या हंगामात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांची खिडकीएवढी खोली आहे. डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीपेक्षा लहान स्क्रू बोटांनी चाचपत बसलेल्या असतात. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी डोंगर चढायचं मनावर घेतलं होतं. मामांनी दोन तास घेऊन त्यांना डोक्यापासून पायापर्यंत सगळं निवडून दिलं. शेवटी हातमोजे निघाले, पातळ एक, जाड एक. बाई काटकसरी. त्यांनी सरळ विचारलं की तुम्ही स्वतः काय घालता.

एरवी मामांनी ते उडवून लावलं असतं. पण त्या वेळी काउंटरपाशी दोघं जुने डोंगरवाले उभे होते, कान देऊन. मामांची नजर खिळ्यावर टांगलेल्या त्यांच्या चामडी हातमोज्यांकडे गेली. तळवे काळे पडलेले, शिवणी दोनदा घातलेल्या. ते दारातला बर्फ उपसायचे हातमोजे होते.

"हे," मामा म्हणाले. "वीस वर्षं हा एकच जोड, खालपासून वरपर्यंत."

बाईंनी ते हातमोजे हातात घेतले, उलटे करून पाहिले आणि मान डोलावली. मग मलाही एकच पुरे, म्हणत पातळ जोड बाजूला सारला. मामांनी आपले हातमोजे परत खिळ्याला टांगले. तोंडातून निघालं ते निघालं, आता मागे घेतलं तर पंचवीस वर्षं मागे घ्यावी लागणार होती.

आणि मी? मला पक्कं माहीत होतं. जाड हातमोज्याच्या आत चढताना घाम जिरतो आणि वर वाऱ्यात त्याचाच बर्फ होतो, हे मी माझ्या बोटांवर शिकले होते. मी आतल्या खोलीच्या दारात मूग गिळून उभी राहिले, मग पुढे येऊन बाजूला सारलेला जोड उचलून फळीवर ठेवला आणि बाईंना बिल करून दिलं. दुकान बंद झाल्यावर बोलू, असं मनात म्हटलं. दुकान बंद झाल्यावर मामांचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीवरून दोनदा गेले. खिडकीत दिवा होता. मान खाली घालून पुढे गेले.

तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. मामा त्या वेळी कुणाच्या तरी बुटाचा बंद बदलत होते. बाई भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं, आम्ही तेवढ्याच लायकीचे होतो. त्या माफी मागायला आल्या होत्या.

"तुम्ही इतकं सांगूनही माझ्या हातून गोंधळ झाला, मास्तर. काहीतरी उलटसुलट घातले असतील मी. बरोबरची मुलगी तिचे कोरडे हातमोजे देत होती. मी म्हटलं, नको, ज्यांनी वीस वर्षं हेच वापरलेत त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

बोटं वाचली होती. शेंड्यांना मात्र काही जाणवत नव्हतं, आणि ते परत येईल की नाही हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. लहान स्क्रू हातात आहे की नाही हे आता त्यांना भिंगातून बघावं लागत होतं. हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. गळ्यात अडकवलेल्या भिंगाच्या दोरीशी चाळा करत सांगत होत्या.

मामांनी बूट खाली ठेवला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. मामांनी आवाज कमी केला नाही.

"तुमचं काही चुकलं नाही, बाई. मी कधी वर गेलेलोच नाही. ते हातमोजे दारातला बर्फ काढायचे आहेत. दोन जोड लागतात हे मला ठाऊक होतं, आणि चारचौघांत लाज जाईल म्हणून मी बोललो नाही."

त्यांचे कान लाल झाले होते, पण मान खाली गेली नाही. मी त्यांना आयुष्यात इतकं उघडं पडलेलं पाहिलं नव्हतं आणि इतकं ताठही. बाईंनी आधी खिळ्यावरच्या हातमोज्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आवाजात राग होता, असायलाच हवा होता. मामा हो म्हणाले. तीन गिऱ्हाइकांपैकी एक निघून गेलं.

बाईंना पुन्हा वर जायचं होतं, बोटं बरी झाल्यावर. त्या माझ्याकडे वळल्या. दर आठवड्याला वर जाते ती मीच, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मी दोन जोड काढून समोर ठेवले, कुठला केव्हा घालायचा ते सांगितलं, आणि माझाच आवाज मला मामांसारखा वाटला.

"मास्तरांनी त्या दिवशी मला खोटं सांगितलं, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?" त्यांनी विचारलं. पेचात पकडायला नव्हे. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

मामा चार हात अंतरावर उभे होते. नुकतंच त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःचं नाक कापून घेतलं होतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "ते बोलणं झालं तेव्हा मी आतल्या खोलीत होते. बिलापुरती बाहेर आले."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि अर्धवट राहिलेला बंद ओवायला लागले.

बाईंनी डाव्या हाताने माझ्या दंडावर हलकेच थोपटलं. मग तुमचा काय दोष, म्हणाल्या. मी दोन्ही जोड कागदात गुंडाळले आणि त्यांच्या हातात दिले.