मालकांच्या बुडाखालचा डबा

आमच्या परभणी जिल्ह्यात गोल्फची गाडी आली तेव्हा गोल्फ म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून मीच सांगत सुटलो. हैदराबादचे एक नवाबसाहेब हरवलेला चेंडू शोधायला या गाडीत बसून निघाले आणि चेंडू सापडेपर्यंत इकडे निजामशाही बुडाली, असं मी झरीच्या बाजारात सांगायचो. निम्मे लोक हसायचे, निम्मे हळहळायचे.

गाडी मात्र खरी होती. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर कापसातली सरकी काढायच्या आमच्या जिनिंगच्या मालकांनी ती हैदराबादच्या भंगारातून आणली. कापसाच्या गंजीवरून पडून मालकांचे दोन्ही पाय गेले होते आणि एवढ्या मोठ्या आवारात त्यांना पाठुंगळी कोण मारणार? ही गाडी बॅटरीवर चालायची. तिला धूर नव्हता आणि आवाजही नव्हता. गडी माणूस कापसावर जरा आडवा झाला की ती मागून येऊन उभी राहायची, आणि डोळे उघडावेत तर समोर मालक. एका गड्याचे केस त्या धसक्यानं पांढरे झाले. तो आधीच म्हातारा होता ही गोष्ट वेगळी.

मालक एकाच गोष्टीला भीत, ते म्हणजे विस्तवाला. फाटकावर एक माजी पैलवान पहाऱ्याला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकानं दोन्ही हात वर करायचे आणि त्यानं अंग चाचपून काडीपेटी, बिडी काढून कोनाड्यात ठेवायची. मालकांच्या व्याह्यांच्या टोपीतसुद्धा त्यानं बोटं फिरवली होती. कापसाच्या शेडमध्ये कंदील वर्ज्य होता, विजेचा दिवाही नव्हता. भर दुपारी आत शिरलं तरी चार पावलांवर अंधार लागायचा.

त्या अंधारातच सगळं बिनसलं. गाडीत सहा बॅटऱ्या, मिळून छत्तीस व्होल्ट. दिवे जुन्या जीपचे, बारा व्होल्टचे. माझ्या आधी एका कारागिरानं सोपा मार्ग काढला. सहांतल्या दोनच बॅटऱ्यांना वायर जोडून त्यानं दिवे लावून दिले. उजेड पडला, पण त्या दोघींवर गाडीचं ओझं आणि दिव्यांचंही. एके दिवशी त्या बसल्या आणि गाडी शेडच्या मधोमध, गंज्यांच्या बोळात उभी राहिली. मालकांनी हाका मारल्या. कापूस आवाज पिऊन टाकतो. पैलवान शोधत आत गेला तेव्हा मालकांचा घसा बसला होता. सरकीवरचा उंदीर त्यांच्या मेलेल्या पायावर बसून होता म्हणे. त्यांना तो दिसत होता, जाणवत नव्हता.

त्यानंतर मला बोलावणं आलं. झरीत माझं बॅटरीचं दुकान होतं. मेलेली बॅटरी माझ्या दुकानासमोरून नुसती नेली तरी निम्मी चार्ज होते, अशी माझी कीर्ती होती. पसरवली मीच होती.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "उजेड पायजे. ठिणगी न्हाई पायजे. जमत आसंल तर सांगा, न्हाईतर चहा घिऊन जावा."

"मालक, सूर्याला बारा व्होल्टवर आणून दावतो," मी म्हणालो.

सूर्य राहू द्या, मी शेगडीची कॉइल आणली. सहाही बॅटऱ्यांवर सारखा भार पडावा म्हणून छत्तीस व्होल्ट पुरते घ्यायचे आणि वाटेत कॉइलला चोवीस खाऊ घालायचे, म्हणजे दिव्यांना बारा उरतात. कॉइल लाल होऊ नये म्हणून तिचे तुकडे शेजारीशेजारी जोडले, अभ्रकाच्या पत्र्यावर बसवले आणि सगळं बिस्किटाच्या डब्यात घालून मालकांच्या सीटखाली स्क्रूनं आवळलं. कॉइल जे चोवीस व्होल्ट खाते त्यांची ती ऊब करते. ती ऊब बाहेर जावी म्हणून डब्याला चारी अंगांनी भोकं पाडली. ही डब्याची नाकं आहेत, ती बंद केलीत तर डबा चिडेल, हे मी मालकांपासून पैलवानापर्यंत सगळ्यांना सांगितलं. पण माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असत. दहावी कुणी वेगळी काढून ठेवली नाही.

दिवे झकास लागले. तक्रार एकच, गाडी चालली की डब्याचं झाकण खडखडायचं. जिनिंगमध्ये खडखडणाऱ्या वस्तूला एकच औषध असतं. खिडकी वाजली, कोंब कापूस. दार वाजलं, कोंब कापूस. मालकांची मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणत, तिच्या ट्रंकेच्या कडीतसुद्धा बोळा होता. मी म्हणालो, दसरा होऊ द्या, झाकणाला रबर लावतो.

खंडेनवमीला जिनिंग बंद होतं. दुसऱ्या दिवशीच्या मुहूर्तासाठी नव्या कापसाची गंजी शेडमध्ये रचून तयार होती. अक्कानं सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजली. पान्हे, पकडी, माझा स्क्रूड्रायव्हरसुद्धा. त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं. पूजेतलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा अक्काचा कायदा सरकारपेक्षा कडक होता.

दिवेलागणीला मालकांना हुक्की आली. गाडीला हार घातलाय, तर मुहूर्ताची गंजी आपल्या दिव्यांत एकदा बघू. गडी घरी गेले होते. गाडी शेडमध्ये शिरली, मी सोबत चालत होतो. दिव्यांचा उजेड कापसावर पडला आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या भिंती उभ्या राहिल्या. हवेत तंतू तरंगत होते. आमचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की डब्याची खडखडही ऐकू येत नाही.

"मिस्त्री," मालक हळूच म्हणाले, "बुडाखाली ऊन लागायलंय."

ज्या माणसाला पायावरचा उंदीर कळला नाही, त्याला हे कळलं. मी बटण बंद केलं. अंधार झाला, आणि त्या अंधारात सीटखाली एक लाल डोळा उघडा राहिला. वास आला. करपलेल्या कापसाचा वास ज्यानं एकदा घेतला त्याला तो जेवणातही येतो.

"मागं घ्या," मी म्हणालो. मालकांनी त्या बोळातून गाडी उलटी काढली. गंजीला चाक घासलं, पण गाडी थांबली नाही. बाहेर येताच पैलवानानं त्यांना पोरासारखं उचलून घेतलं. डब्याचे स्क्रू तापले होते, बोटांनी हलेनात. मी पाटाकडे धावलो. अक्का पाटापुढे उभी होती.

 तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. मग स्वतःच वाकून स्क्रूड्रायव्हर उचलला, पदरानं कुंकू पुसलं आणि माझ्या हातात दिला.

"धर," ती म्हणाली. "देवीचं आन् माजं मी बघंन."

डबा मातीत पडला. आत कापसाचा बोळा, काळा झालेला. वर घागर ओतली. माझी कॉइल शाबूत होती, हे मी आजही ठासून सांगतो. पण एका अंगाची भोकं अजून चोंदलेली आणि दुसऱ्या अंगाची मोकळी होती, कडांना नुसते जळके तंतू चिकटलेले. तिथला बोळा गेला कुठं? गाडीत नव्हता. अंगणात नव्हता. म्हणजे तो धुमसत आत शेडमध्येच पडला होता.

गंजीतल्या कापसाची आग लगेच भडकत नाही. ती आत शिरून पडून राहते, दोन दिवस, चार दिवस, आणि माणसं निर्धास्त झाली की उठते. आम्ही बोळ झाडला, सापडलं काही नाही. रात्रभर आळीपाळीनं गंजीत कोपरापर्यंत हात घालून ऊब शोधत राहिलो. हात घातला की प्रत्येक वेळी वाटायचं, लागली. काढला की वाटायचं, भास.

उजाडल्यावर मालकांनी सांगितलं, गंजी बाहेर काढा, सगळी पांगवा. मुहूर्ताचा कापूस दसऱ्याच्या दिवशी मातीत पसरायचा, यापेक्षा अपशकुन नाही. आपटा घेऊन आलेले गडी तसेच कामाला लागले.  खालच्या थरात, चाक घासलं होतं तिथं, मुठीएवढा काळा गोळा निघाला. पैलवानानं तो तळहातावर घेतला आणि टाकून दिला. गरम होता.

मग बोळा कुणी कोंबला याची कुजबुज सुरू झाली. गडी माझ्याकडे बघायला लागले, मी पैलवानाकडे. मालक खुर्चीवर बसून त्या गोळ्याकडे बघत होते.

"खडखड लय व्हायली होती," ते म्हणाले. "हात आपसूक गेला."

 गाडी अंगणातच उभी राहिली, तिच्यावरचे दिवे मी काढून नेले.

दुसऱ्या दिवशी दोन गड्यांनी मालकांची खुर्ची उचलून फाटकापाशी आणली, तेव्हा मी तिथंच होतो. पैलवान सलाम करून बाजूला झाला. मालकांनी खुर्ची थांबवली आणि दोन्ही हात वर केले. पैलवान जागचा हलेना. मालकांनीही हात खाली घेतले नाहीत. शेवटी त्यानं मान खाली घालून त्यांचे खिसे चाचपले. एका खिशातून कापसाचा एक बोळा निघाला. तो त्यानं काड्यापेट्यांच्या कोनाड्यात ठेवला, आणि खुर्ची आत गेली.