क्वाएट आणि क्वाइट

पाथरवटाने उभं आयुष्य दगडावर अक्षरं कोरण्यात घालवलं होतं. इंग्रजी त्याला अक्षरांपुरतं यायचं, अर्थाच्या वाटेला तो जात नसे. गिऱ्हाइकाचा कागद समोर ठेवायचा आणि छिन्नी चालवायची.

एका ड्रायव्हरच्या बायकोने गेलेल्या नवऱ्याच्या आठवणीसाठी त्याच्याकडून बागेतल्या बाकावर दगडी पाटी बसवून घेतली. तिला इंग्रजीत ‘क्वाएट’ माणूस, म्हणजे शांत माणूस, असं लिहायचं होतं. पाटी बसली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा जावई दुकानात आला.

“काका, शेवटची दोन अक्षरं उलटी पडलीत. ‘क्वाइट’ झालंय.”

“अक्षरं तर सगळी आहेत,” पाथरवट म्हणाला.

“आहेत. पण अर्थ ‘बऱ्यापैकी’ असा होतो.”

पाथरवटाचा चेहरा उतरला. तो स्वतः बाईंच्या घरी गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“बऱ्यापैकी माणूस,” त्या म्हणाल्या. “खोटं नाही ते. बाहेर शांत असायचे, घरात विचारू नका. पण चारचौघांत शांतच राहू द्या त्यांना.”

त्याने पाटी काढून आणली, बोटभर दगड तासला आणि पुन्हा कोरलं. हात दुखून आले. त्या संध्याकाळी तो आपल्या घरी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. त्याची सून कॉलेज शिकलेली होती. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरा-सुनेचं बोलणं चहा आणि औषधापलीकडे गेलं नव्हतं.

“हे दोन शब्द ओळखायचे कसे?” त्याने विचारलं.

तिने गॅस बारीक केला. “बाबा, तुमचं डाएट चाललंय ना? क्वाएटचा शेवट डाएटसारखा, आधी ई मग टी. क्वाइटचा व्हाइटसारखा, आधी टी मग ई.”

“आणि स्टेशनरी? तीही दोन तऱ्हेने लिहिलेली येते.”

“पेनं-कागदाची असेल तर आरच्या आधी ई, पेनमधला. जागेवर उभं असलेलं काही असेल तर ए.”

मग संध्याकाळी सुनेला शब्द विचारणं रोजचंच झालं. दुकानात कागद आला की तो गिऱ्हाइकाला आधी अर्थ विचारायचा. काही गिऱ्हाइकं वैतागून मशीनवर अक्षरं कोरणाऱ्याकडे गेली. त्याने मनाला लावून घेतलं नाही.

पुढे एका दुपारी सून दुकानात आली. “मला एक अक्षर कोरू द्याल?”

त्याने तिला फुटका तुकडा दिला आणि छिन्नी कशी धरायची ते दाखवलं. तिचा ‘अ’ डावीकडे कलला.

“बरा आहे,” तो म्हणाला आणि शेजारी दुसरा काढायला जागा दाखवली.