तालमीची माती

"नाव नगं सांगू. कुटं लागलंय तेवढं दाव."

पडद्यापलीकडून अण्णांचं हे बोलणं ऐकू आलं की मी समजायची, दोन तालमींत पुन्हा जुंपली.

अण्णा माझ्या वडिलांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. अक्कलकोटकडचे, किडकिडीत, साठीला टेकलेले. चिडले की कानडीत पुटपुटत. डॉक्टर येण्याआधी जखम धुऊन ठेवायची हा त्यांचा नेम. वरच्या आणि खालच्या तालमीतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं त्यांच्या एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसत.

एकदा एकाचं डोकं धुताना त्यांनी दुसऱ्या तालमीतल्या पोराच्या हाती जखमेचं पाणी झेलायचं तसराळं दिलं.

"मी कशाला धरू, अण्णा?"

"फोडलंस तूच न्हवं? मग आता सांडू तरी नगंस."

सगळा बाक हसला. डोकं फुटलेलाही हसला, आणि टाका बसताच ओरडला.

अण्णांना जाऊन चार वर्षं झाली. गावातल्या तुमच्यापैकी कुणी त्या बाकावर बसलं असेल, तर त्यांचा हात किती हलका होता ते वेगळं सांगायला नको.

मी कॉन्व्हेंटात शिकणारी. शाळा सुटली की पडद्याआड पट्ट्या गुंडाळायच्या, एवढंच माझं काम. "ताई, तुमचा आवाज हितं कुनी ऐकलाच न्हाय की," अण्णा म्हणत. मी त्यालाही उत्तर देत नसे.

एका वर्षी वैर फार वाढलं. अण्णा खालच्या तालमीच्या गल्लीत राहतात, म्हणून वरच्या तालमीनं दवाखानाच सोडला. संक्रांतीच्या सुमारास त्यांच्यातल्या एकाच्या पोटरीवर दगड बसला. सोबत्यांनी त्याला आमच्या परसाच्या भिंतीआड बसवलं. मी माडीच्या खिडकीत होते. एकजण पळत जाऊन तालमीतली ओंजळभर तांबडी माती घेऊन आला. ताक, तेल, हळद घालून ती पोरं रोज मळत ती माती. त्यानं आधी ती कपाळाला लावली, मग जखमेत भरली.

"आपली माती हाय. सकाळपातुर भरून येतंय बघ."

जखमेला माती लावू नये, हा आरोग्याच्या पुस्तकातला धडा मला तोंडपाठ होता. परीक्षेत पूर्ण गुण होते. नुसती एक हाक मारायची होती. अनोळखी मुलांना हाक कशी मारायची, या विचारात मी उभी राहिले आणि ती मुलं निघून गेली.

तिसऱ्या दिवशी पाय सुजला, तेव्हा कुठे त्याला आणलं. अण्णांनी जखम धुतली.

"ही माती कुनी भरली?"

कुणी कुणाचं नाव घेईना.

पुढच्या आठवड्यात त्याची दातखीळ बसली. धनुर्वात. बाबांनी पुण्याहून टोचायचं औषध मागवलं, ते येईपर्यंत मुलगा गेला.

दुसऱ्या दिवशी दगड मारणारा खालच्या तालमीतला मुलगा दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसला. अण्णांनी दंडाला धरून त्याला आत घेतलं, तोच वरच्या तालमीची पोरं काठ्या घेऊन दारात आली. बाबा रोगी बघायला बाहेर गेलेले.

"अण्णा, सरका. यानं जीव घेतलाय त्याचा."

"दगड यानं मारला, खरं हाय. पर धनुर्वात त्या मातीनं झाला, लेकरांनो. तुमी मायेनं भरली, ते म्हाईत हाय मला. सगळं ह्याच्या एकट्याच्या डोक्यावर नगा घालू."

"कसली माती? तुमी त्यांच्या गल्लीतले! खोटं बोलताय!"

अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी चौकटीला दोन्ही हात लावले आणि तसेच उभे राहिले. एका पोराची काठी वर गेली.

मी पडदा सारून बाहेर आले.

"मी पाहिलं."

आवाज इतका बारीक निघाला, की अण्णा मागे वळले. "काय म्हणलात, ताई?"

"मी खिडकीत होते. माती यांनीच भरली. भरू नये हे त्यांना ठाऊक नव्हतं, अण्णा. मला ठाऊक होतं. मी गप्प बसले."