शेवटच्या पाच ओळी

कसबा पेठेत अख्तरबानूंचं शिवणाचं दुकान आहे. बायका फॉल-पिकोला येतात आणि गोष्ट ऐकून जातात. सांगण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. लिहायला मात्र त्यांनी साठी उलटल्यावर घेतलं, तेही लातूरला दिलेल्या धाकट्या बहिणीसाठी, रशीदासाठी.

अम्मी गेल्या तेव्हा रशीदा पोचली नव्हती. "आपानेच फोनवर सांगितलं, घाई नको, ईदला ये," असं ती रडून सांगत होती. अख्तरबानू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी असं कशाला सांगेन?" सांगितलं होतं. शेवटचे दिवस अम्मी आपल्या एकटीच्या असाव्यात, एवढीच हाव. तेव्हापासून अकरा वर्षं रशीदाला सासर-माहेर दोन्हीकडचे टाकून बोलत आले. कबूल करायला तोंड उघडेना, म्हणून कथा.

लेखन-कार्यशाळेत वैजनाथसर सांगत, "सगळं आधीच ओकू नका. शेवटच्या परिच्छेदापर्यंत दम धरा." त्यांनी धरला. आठ पानं धाकटीला बोल लागत राहिले आणि शेवटच्या पाच ओळींत थोरलीने तो फोन कबूल केला.

सरांनी कथा आपल्या दिवाळी अंकात घेतली. एक प्रत अख्तरबानूंनी थेट लातूरला पाठवायला लावली. स्वतःची हातात आली, तर पाच ओळींच्या जागी मसाल्याची जाहिरात.

"ऐनवेळी आली हो," सर फोनवर म्हणाले. "पण शेवट मोघम झाला ते बरंच. वाचकालाही थोडं काम हवं."

"सर, कथा त्या पाच ओळींसाठीच होती."

"मग पहिल्याच पानावर नाही का लिहायच्या?"

संध्याकाळी रशीदाचा फोन आला. "वाचलं, आपा. घरात सगळ्यांनी वाचलं. इतके दिवस तुम्ही सगळे नुसतं बोलत होता, आता तू छापूनही आणलंस."

"अगं, पुढे आहे अजून. छापायचं राहिलं. ऐक, वाचते."

अख्तरबानूंनी वहीतून पाचही ओळी वाचल्या.

"मला काय ऐकवतेस?" रशीदा म्हणाली. "तो फोन मलाच तर आला होता. थांब, ह्यांना देते. ह्यांना सांग."

पलीकडे खुर्ची सरकली. मेहुण्यांचा, अझीमभाईंचा आवाज आला. "सलाम, आपा. बोला."

वही समोर उघडी होती.

"काही नाही," अख्तरबानू म्हणाल्या. "अंक नीट पोचला ना, एवढंच विचारायचं होतं."