गालाची पारख

धुलाईच्या दुकानात तिला सगळे कडकताई म्हणत. आपल्या हातच्या कॉलरमुळे हे नाव पडलं असं ती सांगे, जिभेमुळे पडलं असं बाकीचे. दोन्ही खरं होतं. शेजारच्या टेबलावर तिचा नवरा इस्त्री करी. माणूस शांत, हात संथ. "आटपा हो, तो शर्ट म्हातारा होईल तुमच्या टेबलावर," हे दिवसभर ऐकूनही तो नुसता हसे आणि बाही उलटी करून ठेवी.

इस्त्री किती तापली हे दोघंही गालाने बघत. इस्त्रीवरच्या, ताप कमीजास्त करायच्या चकतीवर कडकताईचा काडीचा विश्वास नव्हता. चटके खाऊन खाऊन दोघांचे तळवे इतके निबर झाले होते की चुलीवरचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवत. मनगटाची मागची बाजू वाफेने गेलेली. राहिला गाल. इस्त्री उचलायची, गालाजवळ आणायची, न टेकवता, आणि लगेच खाली. तेवढ्यात कळायचं, सुती कपडा घ्यायचा की रेशमी.

मग कडकताईला डाव्या स्तनात गाठ लागली. कॅन्सर निघाला. स्तन काढायचा हे ठरलंच होतं. त्याच वेळी आत इम्प्लांट बसवून तो पुन्हा उभा करायचा की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. "जिवावर बेतलंय आणि तुला असलं सुचतंय," असं म्हणणारी माणसं भेटलीच. तिने एकालाही उत्तर दिलं नाही. नवऱ्याला मात्र घरी आल्यावर म्हणाली, "उभा जन्म शर्ट सरळ करण्यात गेला माझा. एका बाजूने रिकामा लोंबणारा शर्ट रोज आरशात बघायचा? मला नाही जमणार." तो म्हणाला, "मग बसवून घे." विषय संपला.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या होत्या. शस्त्रक्रियेआधी जंतू रोखायचं इंजेक्शन देऊ, नंतर अँटिबायोटिकच्या गोळ्या, पाकीट संपेपर्यंत. पण आत ठेवलेली वस्तू ती वस्तूच, तिच्यात रक्त फिरत नाही. तिच्यावर जंतूंनी ठाण मांडलं की औषध तिथवर पोचवणं अवघड. तेव्हा लाली, सूज, गरमपणा, ताप, पाणी येणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी या. उशीर झाला तर इम्प्लांट काढून टाकावं लागेल. एवढं सगळं ऐकून कडकताईच्या डोक्यात राहिलं शेवटचं वाक्य तेवढं.

ऑपरेशन होऊन कडकताई घरी आली तेव्हा नणंद मदतीला आली. जखमेतून निघालेल्या नळीच्या टोकाला एक फुगा होता, त्यात साठलेलं लालसर पाणी ती मोजून ओतायची. नणंदेने सगळं पाहिलं, नवऱ्याने काहीच नाही. तो खोलीत आला की कडकताई भिंतीकडे तोंड करायची. नळी निघाली, नणंद आपल्या घरी गेली. गोळ्यांनी पोटात नुसतं ढवळायचं. जखम तर मिटली, मग कशाला जिवाला त्रास, असं म्हणून तिने उरलेलं पाकीट खणात टाकलं.

दुकानात परतली ती घड्या घालण्यापुरती. इस्त्री उचलायची अजून मनाई होती. समोरून उघडणारे कपडे घाला, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून कुणी न्यायलाच न आलेल्या गठ्ठ्यातले पुरुषी शर्ट मालकांनी तिला दिले होते. "गिऱ्हाईक आलं तर अंगावरून काढून देईन," ती म्हणायची. सगळे हसायचे. तिलाही बरं वाटायचं.

एका सकाळी न्हाणीघरातल्या आरशात तिला डाव्या बाजूला लाल डाग दिसला.

दुखत नव्हतं. दुखणार कसं? त्या जागेची कातडी ऑपरेशनपासून बधीर होती, चिमटा काढला तरी कुणा दुसऱ्याला काढल्यासारखा. कडकताईने लगेच कारण शोधलं, आणि ते कारण फक्त तिलाच सुचलं असतं. इस्त्रीच्या टेबलावरून गरमागरम शर्टांची चवड उचलायची, छातीशी कवटाळायची, वर हनुवटी टेकायची आणि काउंटरवर न्यायची, ही तिची जुनी सवय. कपड्यांची धग लागली असणार, दुसरं काय! त्या दिवसापासून ती चवड हातावर, अंगापासून लांब धरू लागली. धग बंद झाली की लाली जाईल.

लाली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती काखेकडे सरकली होती. कडकताईने खणातलं पाकीट काढलं, एक गोळी गिळली, संध्याकाळी आणखी एक. डॉक्टरकडे जायचं नाव नको. तिथे गेलं की त्या बघणार, आणि बघितलं की काढणार. ती स्वतःचा तळहात तिथे ठेवून बघायची. पण हाताला काही कळत नव्हतं आणि कातडीलाही. गाल तिथवर पोचत नव्हता. स्वतःचं अंग तापलंय की नाही हे तिला, जन्मभर ऊन-गार पारखणाऱ्या बाईला, कळायला मार्ग नव्हता. मनातून ती पार घाबरली होती, आणि घाबरली की तिची जीभ आणखी चालायची. त्या दिवशी तिने मालकांनासुद्धा सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातल्या सहाही इस्त्र्या तापलेल्या असताना तिला थंडी वाजली. तिने चवड उचलली, हातावर, लांब धरून.

"थांब," नवरा म्हणाला. त्याने इस्त्री उभी ठेवली. "परवापासून बघतोय. चवड अशी का धरतेस?"

"कशी?"

"परक्याचं मूल धरल्यासारखी."

"तुम्ही तुमच्या बाह्या बघा."

"तुझे दात वाजतायत." त्याने तिच्या हातातली चवड काढून घेतली. "मागे चल."

मागे न नेलेल्या कपड्यांची खोली होती. कपाटांमधल्या बोळात तो उभा राहिला आणि म्हणाला, "दाखव."

"डॉक्टर आहात का तुम्ही?"

"नाही. दाखव."

"नाही दाखवणार." तिचा आवाज फुटला. "तुम्ही बघाल आणि म्हणाल दवाखान्यात चल. तिथे ते काढून टाकतील. मग मी काय करू? पुन्हा एवढं सोसायचं बळ नाही माझ्यात!"

बायकोला रडताना त्याने क्वचितच पाहिलं होतं, त्यामुळे हात कुठे ठेवावा हेही त्याला कळेना. पण बाजूलाही झाला नाही. शेवटी तिनेच बटणं काढली, एकेक, भिंतीकडे बघत.

त्याने तळहात ठेवला, काढला. "माझ्या हाताला काय कळणार, डोंबल." मग तो खाली वाकला. आधी उजवीकडे गाल नेला, मग डावीकडे, एका ओळीत ठेवलेल्या दोन इस्त्र्या जोखाव्यात तसा. डावीकडे त्याने गाल टेकवलाच. तिला स्पर्श कळला नाही. वर गळ्याजवळ, जिथे कातडी अजून तिची होती, तिथे त्याच्या केसांची टोकं तेवढी टोचली.

तो सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ही तापलीय," तो म्हणाला. "चल."

"अहो, संध्याकाळपर्यंत बघू ना."

"आटप," तो म्हणाला. संसारात पहिल्यांदा हा शब्द त्याच्या तोंडून निघाला, आणि तिने निमूट बटणं लावली.

डॉक्टरीणबाईंनी आधी बघितलं, मग पेनाने लालीच्या कडेने रेघ मारली. सुई घालून आतलं थोडं पाणी काढलं आणि कोणते जंतू आहेत ते कळायला तपासायला पाठवलं. "मधे काही गोळ्या घेतल्यात?"

कडकताईने सांगितलं. जीभ एवढीशी झाली होती.

"अशा सुट्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, आणि आपल्याला वाटतं इलाज चालू आहे. पाकीट पुरं केलं असतं तर हे टळलंच असतं, असंही मी म्हणणार नाही. सगळं करूनही होतं कधीकधी. पण लाल दिसल्यावर तुम्ही घरी थांबलात, त्याचा मला राग आलाय." त्या खरंच रागावल्या होत्या. "आता शिरेतून औषध देते. लाली या रेघेच्या आत आली तर वाचलं. बाहेर गेली तर मी काढणार. तेव्हा वाद घालायचा नाही."

रात्र गेली. सकाळी लाली रेघेवर होती, ना आत ना बाहेर. डॉक्टरीणबाईंनी औषध तेवढं बदललं, कारण तपासणीचा पहिला निकाल आला होता. दिवसभर कडकताई शर्ट बाजूला करून रेघ बघत होती. नवरा खुर्चीत बसून बाटलीतले थेंब बघत होता. कोण जास्त घाबरलंय ते सांगणं कठीण होतं.

नंतरच्या सकाळी रेघेच्या आत बोटभर कातडी फिकी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाकून बघितलं. "हटतेय," त्या म्हणाल्या, "पण औषधाचा एक डोसही चुकवायचा नाही. आणि पुन्हा लाल दिसलं तर?"

"त्याच दिवशी," कडकताई म्हणाली.

त्या गेल्यावर तिने खोलीचा पडदा ओढायला लावला. नवरा ओढून आला. ती शर्टाची बटणं काढून, या वेळी त्याच्याकडे बघत, पडून राहिली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "निवलीय का?"

तो वाकला. उजवीकडे, मग डावीकडे. डावीकडे थांबला, आणि थांबूनच राहिला.

इस्त्री जोखायला गालाला क्षणभरही लागत नाही, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिने सुई नसलेला हात उचलला आणि त्याच्या केसांवर ठेवला.

"नीट बघा," ती म्हणाली. "घाई नाही."